म्हशीमागची वेल

किशनरावांनी कोयता घासायला काढला की येळवस आली, हे घरात सगळ्यांना कळायचं. कॅलेंडर बघावं लागत नसे. वेळा अमावास्येच्या आदल्या दुपारी जेवण आटोपून ते पुढच्या पायरीवर बसत, दगडावर पाणी शिंपडून पातं घासत, आणि तो घसघस आवाज कानावर आला की त्यांच्या पत्नी साखराबाई आत दुसऱ्या दिवशीच्या भज्जीच्या मिसळभाजीसाठी तुरीच्या शेंगा सोलायला घेत. नऊ वर्षं असंच चालत आलं होतं. यंदा मात्र म्हातारा कोयता घेऊन उठला, तर फाटकाजवळ थोरली सून वर्षाराणी वेलीला पाठ लावून उभी.

“मामा, यंदा नको,” ती म्हणाली.

बावीस वर्षांच्या संसारात तिनं सासऱ्याला ‘नको’ म्हटल्याचं हे दुसरं उदाहरण. पहिलं लेकीला, सृष्टीला, आलेलं स्थळ परत पाठवलं तेव्हाचं, आणि तेव्हा निदान नवरा तिच्या मागं उभा होता. आज शिवशंकर खिडकीतून सगळं बघत होता आणि खिडकी लावून घ्यावी की उघडीच ठेवावी याचा विचार करत होता. रेल्वेच्या ऑफिसात सव्वीस वर्षं काढलेला माणूस. कुठल्या कागदावर सही करायची नाही, हे त्याला चांगलं कळत होतं.

किशनरावांना राग आला नाही, नवल वाटलं. वेल कापल्याशिवाय कोप बांधायची कशी?

येळवशीला रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे आणि सगळ्या गोतावळ्यानं तिथंच बसून जेवायचं, हे लोह्यापासून लातूरपर्यंत कुणाला शिकवावं लागत नाही. पण या घराची आणखी एक शिस्त होती, किशनरावांच्या आईनं घालून दिलेली. कोपेला विकतची दोरी लावायची नाही. आपण लावलं-वाढवलं असेल त्यानंच ती बांधायची. बांधावर अंबाडी होती तोवर अंबाडीच्या सालीचा वाख होता. पुढं सगळं रान सोयाबीनखाली गेलं, अंबाडी भाजीपुरतीसुद्धा उरली नाही आणि म्हातारा पेचात पडला. नेमकं त्याच सुमाराला नांदेडच्या घरापुढं सुनेनं लावलेल्या वेलीनं दोन-दोन हात लांब फांद्या सोडल्या. लवचिक, चिवट, पीळ दिला तरी न तुटणाऱ्या. त्यांना देवच पावला. तेव्हापासून दर येळवशीला वीस-पंचवीस फांद्या कापायच्या, भारा करायचा आणि गाडीच्या टपावर टाकून शेतावर न्यायचा, हे ठरूनच गेलं.

वेल मात्र काही कोपेसाठी आलेली नव्हती. वर्षाराणीनं एका मासिकात विस्टेरियाचा फोटो पाहिला होता. कुठल्याशा थंड मुलखातलं घर आणि त्याच्या दारावरून ओघळणारे जांभळे घोस. तेव्हा या घराचं रंगकाम नुकतंच झालेलं, फाटकावरची कमान उघडीबोडकी. ती फोटो घेऊन नर्सरीत गेली. नर्सरीवाल्यानं सांगितलं की बाई, हे झाड आपल्या उन्हात भाजून निघेल, आपल्या हवेचा विस्टेरिया म्हणजे ही नीलमणी. पानं खरखरीत, फूल तसंच जांभळं, तसंच घोसात. सोबत त्यानं एक चिठ्ठी दिली, तिच्यावर लिहिलं होतं, ‘दरवर्षी छाटणी करावी.’ कधी करावी ते लिहिलं नव्हतं आणि हिनं विचारलं नव्हतं. सासरा दरवर्षी आपण होऊन छाटतो म्हणून ती उलट निश्चिंत होती. बोर छाटल्याबिगर लागत न्हाई, तसंच हे, असं ते सांगायचे आणि तिला ते पटायचं.

नऊ वर्षांत वेलीला एक फूल आलं नाही. कॉलनीतल्या बायकांना ती पहिली दोन वर्षं ‘यंदा बघा’ म्हणून सांगत राहिली, मग सांगायचं सोडलं. किशनराव मधूनच म्हणायचे, “नाव नीलमणी, न् अंगावर मणी एक न्हाई.” सगळे हसायचे. तीही हसायची, पण तिला ते लागायचं. ‘तुझी ती वेल’ या बोलण्यात वेलीबरोबर आपलंही काहीतरी कमी निघतंय असं तिला वाटे.

आणि आता भिंतीवर लाल रंगाची फुली होती. उन्हाळ्यात रस्ता रुंद व्हायचा होता. भिंत, फाटक, कमान सगळं पाच फूट आत येणार होतं. वेलीचं खोड मनगटाएवढं जाड झालेलं, ते उपटून दुसरीकडं लावलं तर जगणार नाही असं नर्सरीवाल्यानंच सांगितलेलं. म्हणजे फुलायला तिला एकच फाल्गुन उरला होता.

हे सगळं कालपर्यंत तिनं नशिबावर सोडलं होतं. पण काल संध्याकाळी सृष्टी लातूरहून आली. ती तिथं उद्यानविद्येच्या तिसऱ्या वर्षाला. बॅग ठेवायच्या आधी ती वेलीजवळ गेली, दोन फांद्या वाकवून बघितल्या, आणि आईला स्वयंपाकघरात ओढून नेऊन हळूच सांगितलं की वेलीत काहीच खोट नाही. ती जुन्या फांदीवर फुलते. फाल्गुनात उमलायच्या कळ्या आत्ता मार्गशीर्षात धरतात. नेमक्या त्याच आज्जा दरवर्षी भारा बांधून रानात नेतात. छाटणी करायची ती फुलं झडल्यावर, आधी नाही.

वर्षाराणीनं गॅस बंद केला. मग दोघींनी विचार केला की मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, आणि ठरवलं की कुणीच नको. कारण सांगायचंच नाही. नुसतं ‘यंदा नको’ म्हणायचं.

“काऊन?” किशनरावांनी विचारलं.

तिनं भिंतीकडं बोट दाखवलं. शेवटचं वर्ष आहे, राहू दे अंगभर, असं काहीतरी बोलली. म्हाताऱ्यानं नीट ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हटलं की भिंत पडणारच हाय, वेल जाणारच हाय, तर मग ठेवून करायचं काय? निदान कोपेला तरी लागू दे. त्यांनी कोयता उजव्या हातात घेतला, डाव्या हातानं पहिली फांदी ओढली आणि पायरीवर बसलेल्या सृष्टीला राहवलं नाही.

“आज्जा, थांबा. हे बघा.” तिनं पानाच्या बगलेत बोट ठेवलं. तिथं ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी हिरवट टोक होतं. “ही कळी हाय. ह्या फांदीवर अशा चाळीस असतील. तुम्ही दरवर्षी ह्याच कापता.”

एवढं बोलून तिनं आईकडं पाहिलं आणि जीभ चावली. पण आता उपयोग नव्हता. किशनरावांनी चष्मा वर-खाली करून ती कळी बघितली. मग दुसऱ्या फांदीवरची, मग तिसऱ्या. बराच वेळ ते वेलीत तोंड घालून उभे राहिले.

“म्हंजी नऊ वर्षं मीच,” ते म्हणाले. फांदी सोडली, कोयता पायरीवर ठेवला आणि आत जाऊन खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले.

त्यानंतर घरात जी फिरवाफिरव झाली ती या घराच्या रीतीला धरूनच झाली. साखराबाईंनी आधी नातीला झापलं की मोठ्या माणसाला असं तोंडावर सांगतात का. मग कारण नीट कळल्यावर त्या सुनेच्या बाजूनं झाल्या. म्हणाल्या, जरा ऐकायला शिकू दे त्यांना, पन्नास वर्षं मी सांगून राहिले, मपलं ऐकलं का कधी. शिवशंकरनं खिडकी लावून घेतली. संध्याकाळी किशनरावांनी जाहीर केलं की उद्या ते शेतावर येणार नाहीत, कोप रामलिंगाला कशानं बांधायची त्यानं बांधू दे. रामलिंग हा धाकटा, गावाकडं राहून शेती बघणारा. गेली चार वर्षं तो नायलॉनच्या दोरीच्या बाजूचा होता. त्यामुळं शिवशंकरच्या फोनवर आधी खूश झाला. बाबा येत नाहीत हे कळल्यावर मात्र म्हणाला, “मग कोप बांधून काय करू, दादा? झोपू का तिच्यात?” आणि फोन ठेवून दिला.

वर्षाराणीला रात्रीचं जेवण गोड लागलं नाही. तिला कळ्या हव्या होत्या, त्या मिळाल्या होत्या, आणि आता त्यांच्याकडं बघवत नव्हतं. या माणसानं नऊ वर्षं उन्हातान्हात वेलीला पाणी घातलं होतं. तिच्या माहेरच्या आजारपणात ती दोन महिने नव्हती तेव्हा वेल जगवली ती त्यांनीच. जेवणं झाल्यावर तिनं खाटेपाशी जाऊन सांगितलं की मामा, चार-पाच फांद्या घ्या, तेवढ्यानं काही होत नाही. भिंतीकडूनच उत्तर आलं, “मी आता तिला हात लावणार न्हाई.”

सकाळी त्यांना गाडीत बसवलं ते साखराबाईंनी. वाद घातला नाही, समजूत काढली नाही. आंबिलीचा भरलेला तांब्याचा बिंदगा खाटेपाशी नेऊन त्यांच्या हातात दिला. शेतापर्यंत आंबील घरच्या मोठ्यानं न्यायची आणि मधे कुठं टेकवायची नाही, ही रीतही त्यांच्याच आईची. म्हातारा बिंदगा घेऊन उभा राहिला, ठेवायला जागा शोधू लागला, आणि बाईंनी गाडीचं दार उघडून धरलं. ते बसले. कोयता बाईंनी धडप्यात गुंडाळून सीटखाली सारला, कुणालाही न सांगता.

लोह्याच्या पुढं शेत आलं तेव्हा ऊन कोवळं होतं. हरभरा घाट्यावर आलेला, ज्वारी छातीइतकी. आजूबाजूच्या रानात कोपा उभ्या राहिल्या होत्या, कुठून कुठून हाका येत होत्या, सगळा शिवार माणसांनी फुलला होता. रामलिंगनं पाच मेढी रोवून कडब्याच्या पेंढ्या टेकवून ठेवल्या होत्या. बांधायचं तेवढं राहिलं होतं. निळ्या नायलॉनचं बंडल त्यानं आधी खिशात लपवलं, मग बाहेर काढलं. किशनरावांनी बिंदगा रेणुकाच्या, धाकट्या सुनेच्या, हाती दिला आणि कोपेकडं पाठ करून बांधावर जाऊन बसले.

“बाबा, गाठ तरी कशी मारायची सांगा,” रामलिंग म्हणाला.

“तुला येती.”

शिवशंकरनं एक पेंढी धरली, रामलिंगनं दोरी फिरवली, दोरी घसरली आणि पेंढी दोघांच्या अंगावर आली. सृष्टीला हसू फुटलं, ते तिनं ओढणीत दाबलं.

वर्षाराणी रेणुकाकडं गेली. रेणुका आंबील पातेल्यात ओतून, पूजेपुरता बिंदगा लखलखीत करायला हौदापाशी बसली होती. मूठभर पानं पाण्यात बुडवायची आणि तांब्यावर खसाखसा फिरवायची. तांबं असं निघत होतं की चिंच लावायची गरज नाही. वर्षाराणीनं मदतीला म्हणून दोन पानं उचलली आणि तिचा हात थांबला. हा खरखरीतपणा तिच्या बोटांच्या ओळखीचा होता. नऊ वर्षं ती ज्या पानांवरची धूळ पुसत आली होती, ती पानं कशी विसरेल?

“रेणुका, ही पानं कुठून आणलीस?”

“विहिरीवरून, अक्का. लिंबावर हाय की ती रानवेल. लई कामाची. कढईसुद्धा निघती.”

विहीर शेताच्या पार पलीकडच्या टोकाला. येळवशीला आलेली मंडळी कोपेपासून हलत नाहीत, त्यामुळं वर्षाराणीनं तिकडं कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिनं रामलिंगला विचारलं की भावजी, त्या वेलीला फूल येतं का. तो दोरीचा गुंता सोडवत होता. “येतं की. शिमग्याच्या टायमाला लिंब दिसतच न्हाई, सगळं जांभळं. तुम्ही बघितली न्हाई का? मी फोटो टाकला व्हता ना ग्रुपवर.”

असा कुठलाही फोटो कुणाला आठवेना. रामलिंगनं मोबाइल काढला, बोटानं खाली खाली ढकलत गेला आणि समोर धरला. फोटो म्हशीचा होता. मागच्या शिमग्याला त्यानं मुऱ्हा म्हैस घेतली तेव्हा मोठ्या कौतुकानं घरच्या ग्रुपवर टाकलेला. म्हैस ऐटीत उभी, शिंगांना गेरू, आणि तिच्या मागं, फोटोभर, जांभळ्या घोसांचा नुसता पूर. खाली शिवशंकरचं ‘म्हैस छान’ होतं, सृष्टीचं ‘दूध किती?’ होतं. आणि वर्षाराणीचा अंगठा होता. तिनं स्वतः दाबलेला.

साखराबाईंनी मोबाइल हातात घेऊन लांब धरून बघितला. “घ्या. काखेत कळसा न् गावाला वळसा.”

वर्षाराणी हसायला लागली. आधी हळू, मग तिला आवरेना, डोळ्यांत पाणी आलं आणि ते कशाचं हे तिलाही सांगता आलं नसतं. नऊ महिने हे फूल तिच्या फोनमध्ये होतं आणि ती म्हशीकडं बघत बसली होती. हसण्याच्या आवाजानं किशनरावांनी मान वळवली. सृष्टीनं जाऊन त्यांना फोटो दाखवला. त्यांनी तो दोनदा बघितला, उठले आणि काठी टेकत विहिरीच्या वाटेला लागले. सगळे त्यांच्या मागं निघाले. कोप तशीच अर्धी उभी राहिली.

वेल कडुलिंबाच्या शेंड्यापर्यंत गेली होती. खाली पाटाच्या कडेला तिचं खोड, आणि खोडापाशी ओळीनं आणखी दोन. किशनराव वाकले, माती बोटांनी उकरली, तिघांमधलं अंतर हातानं मोजलं. मग त्यांचा चेहरा सैल झाला.

“ह्या मपल्या खुट्या हायेत,” ते म्हणाले. “पाच साल झाले. कोप बांधून जाड बुडखे उरले व्हते. वासराला बांधायला म्हणून मीच ठोकले हितं. पाटाचं पाणी लागलं, दिसतंय.”

“आन् मी समजून राहिलो कसली तरी रानवेल हाय,” रामलिंग म्हणाला. “कोण कापतंय हितं? म्हणून वाढली.”

कुणी कापली नाही म्हणून फुलली, हे सगळ्यांच्याच मनात आलं, पण तेवढं बोलायचं मात्र सगळ्यांनी टाळलं. ते म्हाताऱ्यानंच बोलून टाकलं. “मी कापली न्हाई म्हणून फुलली. आन् मी कापली म्हणूनच हितं आली. आता ह्याचा हिशेब कसा लावायचा, सृष्टे?”

सृष्टीला तिसऱ्या वर्षापर्यंत हे कुणी शिकवलं नव्हतं. तिनं सरळ आज्जाच्या दंडाला मिठी मारली.

तेवढ्यात साखराबाईंनी धडपं सोडून कोयता पुढं केला. बाई तो घेऊन आल्यात हे तेव्हा कळलं. किशनरावांनी कोयता घेतला, वेलीकडं बघितलं आणि मूठ सुनेकडं करून तिच्यापुढं धरला.

“तू काप. कुठं कापायचं ते तुला ठावं.”

वर्षाराणीनं आयुष्यात विळीपलीकडं पातं धरलं नव्हतं. तिनं सृष्टीकडं बघितलं. सृष्टीनं बोटानं दाखवलं की बुडातून सरळ फुटलेले नवे फोक घ्यायचे, त्यांना कळी धरत नाही, उलट ते काढले तर वरच्या फांद्यांना जोर येतो. पहिला घाव चुकला, दुसरा बसला. म्हातारा शेजारी उभा राहून कोयता कसा तिरपा धरायचा ते सांगत होता आणि कुठं मारायचा ते सांगत नव्हता. पंधरा फोक निघाले. एकही कळी पडली नाही.

कोप मग किशनरावांनीच बांधली. रामलिंगला बाजूला सारून, गुडघ्याची कुरकुर विसरून, प्रत्येक पेंढीला दोन पीळ आणि वर गाठ. बांधता बांधता ते स्वतःशीच म्हणाले की आईनं सांगितलं व्हतं तसं आत्ता झालं, घरापुढची वेल ती घरापुढची, ही आपल्या रानातली. नायलॉनचं बंडल रामलिंगनं म्हशीला ठेवलं. पांडव मांडले, पूजा झाली, आणि आंबील शिंपडत रानाला फेरी घालायची वेळ आली तेव्हा ‘ओलगे ओलगे’ म्हणत किशनराव सगळ्यांच्या पुढं होते. दरवर्षी फेरी बांधाबांधानं जाते. यंदा ती वाकडी होऊन विहिरीवरून गेली आणि लिंबाच्या बुडाशी म्हाताऱ्यानं अख्खी पळी रिकामी केली. मग भज्जी, उंडे, खीर, आणि ज्वारीच्या कडेला सावलीत लोळणं. शिवशंकरनं तिसऱ्यांदा भज्जी वाढून घेत सांगितलं की त्याचं पहिल्यापासून हेच मत होतं. कुठलं मत, ते कुणी विचारलं नाही.

निघताना किशनरावांनी उरलेले बुडखे मोजून घेतले आणि पाटाच्या कडेनं ओळीनं रोवले. या वेळी कोणत्याही वासरासाठी नाही.

नांदेडची वेल शिमग्याच्या आठ दिवस आधी फुलली. एका सकाळी दोन घोस, तिसऱ्या दिवशी वीस, आणि आठवडाभरात फाटक दिसेनासं झालं. भिंतीवरची लाल फुली घोसांखाली कुठं गेली ते शोधावं लागत होतं. वाळलेली फुलं गळताना भिंगरीसारखी गरगरत खाली यायची आणि किशनराव त्यांच्याखाली खुर्ची टाकून बसायचे. जाणारा-येणारा थांबायचा, फोटो काढायचा. कुणाला घाई असली तरी म्हातारा त्याला थांबवायचा.

कोयता आता स्वयंपाकघरात, वर्षाराणीच्या खिळ्याला लटकत होता. ती पोळ्या लाटत असताना एकदा पलीकडच्या गल्लीतले गुरुजी फाटकाशी उभे राहिलेले तिनं ऐकलं. त्यांनीही अशीच वेल लावली होती, चार वर्षं झाली, फूल नाही. छाटणीत तुमचा हात बसलेला आहे असं ऐकलं, कधी करता?

नऊ वर्षं कॉलनीभर छाटणीचं शास्त्र सांगत हिंडलेला माणूस काय बोलतो, म्हणून तिचं लाटणं थांबलं.

“ते मला इचारू नका, गुरुजी,” किशनराव म्हणाले. “आमच्या सुनेला इचारा. वेल तिची हाय. मी आपला कोप बांधणारा.”

आत वर्षाराणीनं गॅस बारीक केला. फुगत आलेली पोळी तशीच तव्यावर राहिली, पण बाहेरचं आणखी काही ऐकू येतं का ते तिला ऐकायचं होतं.